बोटीच्या आधी पोहोचलेले कागद

'डीएचएल' ही तीन अक्षरे आज जगातल्या बहुतेक शहरांतून फिरणाऱ्या पिवळ्या गाड्यांवर दिसतात. त्यातला 'डी' म्हणजे एड्रियन डॅल्सी, 'एल' म्हणजे रॉबर्ट लिन आणि मधला 'एच' म्हणजे लॅरी हिलब्लोम. या तिघांपैकी पहिले दोघे कालांतराने धंद्यातून बाजूला झाले. इतिहासात उरला तो हिलब्लोम. आणि तो उरला दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून घेण्याची जगाची रीत बदलण्यात त्याचा मोठा वाटा होता, हे एक कारण. दुसरे कारण त्याच्या मृत्यूनंतर न्यायालयात उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वेळेआधी पोहोचवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे कागद मात्र अपुरे निघाले आणि त्या अपुरेपणाची किंमत कोट्यवधी डॉलरमध्ये मोजावी लागली.

लॅरी ली हिलब्लोमचा जन्म १२ मे १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फ्रेस्नोजवळच्या किंग्जबर्ग या छोट्या गावी झाला. स्वीडनहून आलेल्या स्थलांतरितांनी वसवलेला, द्राक्षे आणि पीच यांच्या बागांचा हा मुलूख. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आईने दुसरे लग्न केले आणि लॅरी सावत्र वडिलांच्या बागायतीत वाढला. घरची सुबत्ता म्हणावी अशी नव्हती. फ्रेस्नोच्या सरकारी महाविद्यालयातून पदवी घेऊन तो कायद्याच्या शिक्षणासाठी बर्कली येथे आला. १९६० च्या दशकातील बर्कली म्हणजे विद्यार्थी आंदोलनांचे केंद्र. शेतकरी कुटुंबातून आलेल्या या मुलाला मात्र चिंता होती ती शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाची.

पैशांची निकड भागवण्यासाठी त्याने एका विमा कंपनीत निरोप्याची नोकरी धरली. काम साधे होते. संध्याकाळी ओकलंड विमानतळावर पाकिटे ताब्यात घ्यायची, रात्रीच्या शेवटच्या विमानाने लॉस एंजलिस गाठायचे, पाकिटे द्यायची, उलट दिशेची पाकिटे घ्यायची आणि सकाळच्या पहिल्या विमानाने परत यायचे. आठवड्यातून कधी कधी पाच वेळा ही फेरी होई. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाने रात्री पाकिटे वाहावीत, यात तेव्हा कोणाला काही विशेष वाटले नसावे. त्याला मात्र एक गोष्ट उमगली होती. पाकिटाचे वजन काही ग्रॅम असते, पण आतल्या कागदाच्या आधाराने टनावारी माल हलतो.

हे नीट समजण्यासाठी बंदरातल्या व्यवहाराकडे थोडे वळावे लागेल. बोटीने माल पाठवला की जहाज कंपनी माल पाठवणाऱ्याला 'बिल ऑफ लेडिंग' देते. हा कागद म्हणजे मालाची पावती, वाहतुकीचा करार आणि मालकीचा पुरावा असा तिहेरी दस्तऐवज आहे. माल घेणाऱ्याने मूळ प्रत दाखवल्याशिवाय जहाज कंपनी माल हातात देत नाही. त्याच्या जोडीला मालाची किंमत सांगणारे इन्व्हॉइस, पेट्यांचा तपशील देणारी पॅकिंग लिस्ट आणि जहाजावरच्या एकूण मालाची यादी असलेला मॅनिफेस्ट. हे सगळे समोर ठेवून सीमाशुल्क अधिकारी माल कोणत्या वर्गात मोडतो, त्याची किंमत खरी आहे का, शुल्क किती आणि तो देशात येऊ द्यायचा की नाही, हे ठरवतात. कागद नाहीत तर निर्णय नाही. निर्णय नाही तर माल गोदीत पडून. गोदीत पडलेल्या मालावर दिवसागणिक डेमरेज चढत जाते. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाऊसमध्ये ज्याने कधी क्लिअरिंग एजंटबरोबर हेलपाटे घातले असतील, त्याला हे डेमरेज म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस या व्यवहारात एक विचित्र विसंगती शिरली होती. कंटेनर आल्यामुळे माल चढवण्या-उतरवण्याचा वेळ झपाट्याने घटला होता. कागद मात्र जुन्याच गतीने चालत होते. टपालाने पाठवलेले दस्तऐवज बोटीच्या नंतर पोहोचत, किंवा बोटीबरोबरच येत. म्हणजे बोट धक्क्याला लागल्यावर कागदांची तपासणी सुरू व्हायची आणि तोवर वेगवान कंटेनर धक्क्यावर स्वस्थ उभे राहायचे. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जायला बोटीला चार-पाच दिवस लागत, विमानाला पाच तास. कागद विमानाने पुढे पाठवले तर बोट समुद्रात असतानाच बंदरातली कामे उरकता येतील, हा तो विचार. ऐकायला इतका सोपा की तो आधी कोणाला कसा सुचला नाही, असेच वाटावे. सुचला असेलही. पण स्वतः बॅग उचलून विमानात बसण्याची तयारी असलेला माणूस १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभा राहिला.

त्या वर्षी हिलब्लोमने कायद्याचे शिक्षण पूर्ण केले आणि वकिली सुरू करण्याऐवजी डॅल्सी व लिन यांच्याबरोबर कंपनी काढली. शैक्षणिक कर्जाच्या रकमेतले उरलेले पैसे हे त्याचे भांडवल. डॅल्सी विक्रीतला मुरलेला माणूस. गिऱ्हाईक मिळवणे हे त्याचे काम. सुरुवातीला हे तिघे एकाच मोटारीतून शहरभर फिरून कागद गोळा करीत, सूटकेसमध्ये भरीत आणि विमानतळ गाठीत. तिकीट क्रेडिट कार्डावर. पुढे नेमलेल्या पहिल्या माणसांमध्ये एक जोडपे होते आणि त्यांचे होनोलुलूतील घर हेच येणाऱ्या-जाणाऱ्या निरोप्यांचे मुक्कामाचे ठिकाण बनले. कंपनीच्या मालकीचे विमान नव्हते, गोदाम नव्हते, कचेरीही नावापुरतीच.

कंपनीच्या स्थापनेची कथा सांगताना होनोलुलू बंदरातल्या 'कस्टम क्लिअरन्स'चा उल्लेख नेहमी केला जातो. तो थोडा सांभाळून घ्यायला हवा. हवाई हे १९५९ पासून अमेरिकेचे राज्य आहे. कॅलिफोर्नियाहून तिथे जाणाऱ्या देशी मालावर सीमाशुल्काचा प्रश्न येत नव्हता. होनोलुलूत वाचत होता तो जहाजाच्या आणि मालाच्या कागदपत्रांचा, ताबा देण्याघेण्याचा वेळ. हिलब्लोमच्या कल्पनेचे खरे सामर्थ्य दिसले ते ही सेवा पॅसिफिक ओलांडून फिलिपाइन्स, जपान, हाँगकाँग, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियाला पोहोचली तेव्हा. तिथे प्रत्येक बंदरात वेगळा कायदा, वेगळे शुल्क, वेगळे शिक्के. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातच कंपनी या सर्व ठिकाणी गेली. हाँगकाँगमध्ये पो चुंग हा स्थानिक भागीदार मिळाला आणि आशियातील विस्तार त्याच्या जोरावर झाला. देशोदेशी स्थानिक भागीदार घ्यायचा, त्याला मोकळीक द्यायची आणि कस्टमशी बोलणी त्याच्यावर सोपवायची, ही हिलब्लोमची रीत. मनिलातल्या अधिकाऱ्याशी कसे बोलावे हे सॅन फ्रान्सिस्कोत बसून ठरवता येत नाही, एवढे व्यवहारज्ञान त्याच्याकडे होते.

जहाज कंपन्यांपाठोपाठ बँका आल्या. धनादेश वटायला चार दिवस कमी लागले की मोठ्या रकमांवरचे चार दिवसांचे व्याज वाचते. तेल कंपन्या, बांधकाम कंपन्या, वकील, विमा कंपन्या यांचीही रांग लागली. याच सुमारास, १९७३ मध्ये, फ्रेड स्मिथच्या फेडरल एक्सप्रेसने स्वतःची विमाने घेऊन अमेरिकेच्या अंतर्गत भागात रात्रीत पार्सल पोहोचवण्याची सेवा सुरू केली. हिलब्लोमची वाट नेमकी उलटी. दुसऱ्यांच्या विमानांतून आणि देशाच्या सीमा ओलांडून.

सीमा ओलांडण्याची त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. विमानाने येणारा माल दोन वाटांनी देशात शिरतो. कार्गो म्हणून आला तर तो माल-टर्मिनलमध्ये जातो, तिथे त्याची नोंद होते, एजंट बिल ऑफ एंट्री भरतो आणि सुटायला काही दिवस जातात. तोच माल प्रवाशाचे सामान म्हणून आला तर प्रवाशाबरोबर तासाभरात बाहेर पडतो. डीएचएल आणि तिच्यानंतर आलेल्या कंपन्यांनी दुसरी वाट धरली. विमानाचे तिकीट काढलेला एक माणूस, त्याच्या नावावर नोंदवलेल्या पाकिटांच्या मोठमोठ्या थैल्या आणि त्याच्या हातात त्या थैल्यांची यादी. उतरल्यावर कंपनीचा स्थानिक माणूस त्याला गाठायचा, दोघे मिळून कस्टमच्या टेबलापाशी जायचे आणि थैल्या मोकळ्या व्हायच्या. हा प्रवासी पुष्कळदा कंपनीचा नोकरही नसे. स्वस्त तिकिटाच्या मोबदल्यात आपल्या सामानाचा हक्क कंपनीला देणारे विद्यार्थी आणि भटके तरुण या कामाला तयार असत. स्वतःसाठी फक्त हातातली पिशवी. अशा रीतीने जग पाहून घेतलेल्यांची एक पिढीच त्या काळात तयार झाली.

या यशाची चाहूल सर्वप्रथम लागली ती टपाल खात्याला. पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार अमेरिकेत कायद्याने टपाल खात्याकडे होता. कागदांनी भरलेली थैली ही पत्रे की माल, हा वाद त्यातून उभा राहिला. विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या मंडळापुढेही परवान्याचे प्रश्न आले. इथे हिलब्लोमचे कायद्याचे शिक्षण कामी आले. धंद्याच्या दैनंदिन कारभारात तो फारसा रमत नसे, पण खटला म्हटला की तो आस्तीन सरसावून बसे. अखेर १९७९ मध्ये टपाल खात्याने अत्यंत तातडीच्या पत्रांपुरता आपला एकाधिकार शिथिल केला. केवळ हिलब्लोममुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. फेडरल एक्सप्रेससह अनेकांचा रेटा त्यामागे होता. तरी कुरिअरचा धंदा कायदेशीर पायावर उभा राहिला तो इथून.

मग थैल्यांतून कागदांबरोबर वस्तूही येऊ लागल्या. कापडाचे नमुने, यंत्रांचे सुटे भाग, औषधे, इलेक्ट्रॉनिक वस्तू. आता मात्र कस्टम खात्यांनी भुवया उंचावल्या. एका प्रवाशाच्या नावावर वीस-वीस थैल्या आणि त्यांत शेकडो व्यापाऱ्यांचा माल, हे 'प्रवाशाचे सामान' कसे मानायचे? कुरिअर बंद करणे शक्य नव्हते, कारण सगळा व्यापारच त्याच्यावर विसंबू लागला होता. तेव्हा देशोदेशी कुरिअरसाठी स्वतंत्र नियम झाले. जागतिक सीमाशुल्क संघटनेने १९९० च्या दशकात जी मार्गदर्शक चौकट मांडली, तिचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल. विमान उतरण्याआधी मालाची यादी द्या, आणि आलेल्या पाकिटांचे चार ढीग करा. पहिला ढीग कागदपत्रांचा. तो लगेच सोडायचा. दुसरा शुल्क लागणार नाही अशा अल्प किमतीच्या वस्तूंचा. तिसरा अल्प किमतीच्या पण शुल्क लागणाऱ्या वस्तूंचा, ज्यांचा साधा अर्ज पुरतो. चौथा मोठ्या किमतीच्या मालाचा. त्याला पूर्ण सोपस्कार. म्हणजे अधिकाऱ्याने वेळ द्यायचा तो मुख्यतः चौथ्या ढिगाला.

भारतात अशी स्वतंत्र नियमावली १९९५ मध्ये आली आणि १९९८ मध्ये तिच्या जागी आयात-निर्यात दोन्हींसाठी नवी नियमावली लागू झाली. सीमाशुल्क खात्याकडे नोंदणी करून, जामीन भरून 'अधिकृत कुरिअर' झालेल्या कंपनीनेच असा माल सोडवायचा. माल कोणाचा आहे याची जबाबदारीही तिच्याच माथी. प्रयोगशाळेत तपासणी लागणाऱ्या वस्तू, प्राणी आणि वनस्पती, नाशवंत पदार्थ यांना कुरिअरची वाट बंद ठेवण्यात आली. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे असलेली पुस्तकेही त्या यादीत होती. आपल्या सरकारी नियमांत भूगोल असा कुठूनही डोकावतो. २०१० मध्ये संगणकीय प्रक्रियेचे नियम आले आणि मुंबईत सहारच्या विमानतळावरील कुरिअर टर्मिनलमध्येही कागदी फॉर्मांची जागा हळूहळू पडद्यावरच्या फॉर्मांनी घेतली. आज परदेशातून पाकीट आले की कुरिअर कंपनी ओळखपत्राची प्रत मागते, वस्तूची खरी किंमत विचारते, शुल्क भरल्याची पावती देते. घेणाऱ्याला हा जाच वाटतो. पण एअरवे बिलावर वस्तूचे मोघम वर्णन लिहिलेले किंवा किंमत संशयास्पद वाटणारे पाकीट दुसऱ्या ढिगातून उचलून चौथ्यात टाकले जाते, आणि अडकतात ती पाकिटे बहुधा अशीच.

या सगळ्या व्यवस्थेचे मूळ तत्त्व हिलब्लोमचेच: मालाच्या आधी माहिती. न्यूयॉर्कवरील २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर त्याला नवेच वळण मिळाले. अमेरिकेकडे येणाऱ्या कंटेनरची यादी परदेशी बंदरात तो बोटीवर चढण्याच्या २४ तास आधी पाठवण्याची सक्ती झाली. २००३ पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. वेळ वाचवण्यासाठी पैसे मोजून घेण्याची जी सोय होती, ती आता सुरक्षिततेचा कायदा बनली. अल्प किमतीच्या मालाला मोकळीक देण्याचे धोरण मात्र उलट दिशेने गेले. अमेरिकेने २०१६ मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पाकिटांना दिलेली शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये काढून घेतली. त्याचा फटका इतका तातडीचा होता की भारतीय टपाल खात्याला अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवावी लागली. दिवाळीचा फराळ न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मुलांना पाठवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरांमध्ये त्या वर्षी चकल्यांपेक्षा शुल्काचीच चर्चा अधिक झाली असल्यास नवल नाही.

हिलब्लोमने यातले फारसे काही पाहिले नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तो कॅलिफोर्निया सोडून सायपान या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटावर जाऊन राहिला. सायपान ही उत्तर मारियाना बेटांची राजधानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानकडून घनघोर लढाईनंतर जिंकलेला हा प्रदेश पुढे अमेरिकेशी जोडला गेला. तेथील रहिवाशांना प्राप्तिकरात मोठी सूट मिळत असे आणि हिलब्लोमच्या स्थलांतराचे ते उघड कारण होते. आणखीही एक गंमत आहे. हा प्रदेश अमेरिकेचा असूनही तिच्या सीमाशुल्क क्षेत्रात मोडत नाही. त्याचे कस्टम खाते वेगळे. असे असूनही तिथे तयार झालेल्या मालाला अमेरिकेत शुल्काविना प्रवेश मिळे. या सवलतीच्या आधारे बेटावर कपड्यांच्या कारखान्यांचे मोठे पीक आले, आणि सवलतीचा फायदा संपताच २००९ पर्यंत ते कारखाने बंदही झाले. सीमेची रेषा कुठे आखली आहे यावर माणसांच्या पोटापाण्याचे किती अवलंबून असते, हे पाहायला सायपानसारखी जागा नाही. हिलब्लोमने राहायला नेमके हेच बेट निवडावे, हा योगायोगच म्हणावा लागेल.

बेटावर तो साध्या जीन्स आणि टी-शर्टमध्ये वावरे. पाहणाऱ्याला हा कोट्यधीश आहे असे वाटतही नसे. तिथे त्याने बँकेत गुंतवणूक केली, जमिनींच्या व्यवहारांत लक्ष घातले आणि बेटाच्या सर्वोच्च न्यायालयात विशेष न्यायाधीश म्हणूनही काम केले. कर आणि जमीन यांविषयीच्या खटल्यांत त्याला मनापासून रस होता. अमेरिकेचे व्हिएतनामवरील व्यापारी निर्बंध उठले ते फेब्रुवारी १९९४ मध्ये. त्याआधीच हिलब्लोमचा पैसा तिथे पोहोचला होता. दालात या थंड हवेच्या गावातील फ्रेंच काळातले जुने हॉटेल आणि गोल्फचे मैदान त्याने कोट्यवधी डॉलर ओतून नव्याने उभे केले. इकडे डीएचएलच्या आंतरराष्ट्रीय कंपनीत १९९० मध्ये लुफ्तान्सा, जपान एअरलाइन्स आणि निशो इवाई यांना भागीदारी देण्याचा करार झाला आणि हिलब्लोमची संपत्ती आणखी वाढली. कंपनीच्या कारभारापासून तो तोवर बराच दूर गेला होता.

त्याला विमाने चालवण्याचे वेड होते, तेही जुनी विमाने. १९९३ मध्ये शेजारच्या तिनियान बेटावर त्याचे छोटे विमान कोसळले. त्यातून तो वाचला, पण चेहऱ्याला जबर जखमा झाल्या, एक डोळा गेला आणि शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्यानंतरही त्याने उडणे सोडले नाही. २१ मे १९९५ रोजी पागान बेटाहून सायपानला परतताना, पाण्यावर उतरू शकणारे १९४० च्या दशकातील बनावटीचे सीबी विमान समुद्रात कोसळले. विमानात तिघे होते. दोघांचे देह मिळाले. हिलब्लोमचा देह कधीच मिळाला नाही. आठ-नऊ दिवसांपूर्वीच त्याला ५२ वर्षे पूर्ण झाली होती.

त्याने लग्न केले नव्हते. त्याचे मृत्युपत्र १९८२ चे होते. जवळजवळ सर्व संपत्ती वैद्यकीय संशोधनासाठी न्यासाकडे जावी आणि त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाला प्राधान्य मिळावे, असे त्यात लिहिले होते. त्या संपत्तीचे मोल सुमारे ६० कोटी डॉलर सांगितले जात होते. कागद वरवर पाहता चोख होता. पण त्यात एक कलम नव्हते. मृत्युपत्र करणाऱ्याला माहीत नसलेली किंवा त्याने मान्य न केलेली अपत्ये पुढे आली तर त्यांना वाटा मिळणार नाही, अशी तरतूद अमेरिकेत श्रीमंत माणसांचे वकील सहसा घालतात. ती इथे राहून गेली होती, आणि सायपानच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्रात न उल्लेखलेल्या मुलालाही वारसा मागता येत होता.

मुले पुढे आली. फिलिपाइन्समधून, व्हिएतनाममधून, पलाऊमधून. एकूण आठ मुलांच्या वतीने दावे दाखल झाले. त्यांच्या माता गरीब घरांतल्या, आणि संबंध आला तेव्हा त्यांतल्या काही अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. आशियाभर विस्तारलेल्या धंद्याच्या निमित्ताने फिरणारा हा अब्जाधीश त्या देशांतल्या बारमधून कसल्या मुली शोधत असे, हे खटल्याच्या निमित्ताने जगापुढे आले. त्यावेळच्या काही वृत्तांतांनी याला विलासी धनिकाच्या चंगळीचा रंग दिला. तो रंग फसवा आहे. ज्यांना नाही म्हणण्याची ताकद नव्हती अशा मुलींचे हे शोषण होते, आणि हिलब्लोमच्या चरित्रातले हे पान त्याच्या कल्पकतेच्या कौतुकात झाकून टाकता येणार नाही.

दावा सिद्ध करण्यासाठी डीएनए हवा होता आणि देह तर समुद्रात. मग त्याच्या सायपानमधील घराकडे लक्ष गेले. ते घर झाडूनपुसून स्वच्छ केलेले आढळले. न्हाणीघरातील बेसिन आम्लाने घासून काढले होते आणि कंगवा, दाढीचे सामान, कपडे अशा वस्तू अंगणात पुरल्या होत्या. कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात त्याच्या शरीरातून काढलेला तीळ जपून ठेवलेला होता, पण त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी वाट सापडली ती मुलांमधूनच. वेगवेगळ्या देशांत, एकमेकींना कधीही न भेटलेल्या मातांच्या पोटी जन्मलेल्या मुलांचे नमुने परस्परांशी ताडून पाहिले गेले. त्यांतल्या चौघांचा पिता एकच असल्याचे निघाले. वेगवेगळ्या देशांतली पाकिटे एकाच एअरवे बिलाने जोडली जावीत, तसे हे झाले. कोणत्याही वकिलाच्या कागदापेक्षा तो पुरावा पक्का होता.

तडजोडीत या चार मुलांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे नऊ कोटी डॉलर आले. कर आणि वकिलांची फी वजा जाता हाती पडलेली रक्कम त्याहून बरीच कमी होती. ज्या चार दाव्यांना डीएनएचा आधार मिळाला नाही, त्यांना मोठा वाटा मिळाला नाही. उरलेल्या पैशातून हिलब्लोमच्या नावाचे प्रतिष्ठान उभे राहिले. ते कॅलिफोर्नियात मधुमेह आणि वार्धक्याशी निगडित आजारांवरील संशोधनाला पैसा पुरवते.

डीएचएलमध्ये १९९८ मध्ये जर्मनीच्या टपाल खात्याची वारसदार असलेली डॉइश पोस्ट शिरली आणि २००२ मध्ये कंपनी पूर्णपणे तिच्या मालकीची झाली. टपाल खात्याच्या एकाधिकाराशी झगडून वाढलेली कंपनी अखेर टपाल खात्याच्याच घरात गेली. तिने पुढे २००४-०५ मध्ये, १९८३ साली मुंबईत सुरू झालेल्या ब्ल्यू डार्टचा ८१ टक्के हिस्सा विकत घेतला.